मायक्रोवेव्ह मेटामटेरियल्स: सर्किट, सेन्सर आणि अँटेनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ई अँड टीसीचे (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचे) शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी, एमटेकचा विषय शोधणारे आणि कुठेतरी 'अदृश्य करणारा पदार्थ' असं वाचून कुतूहल वाटलेले लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे लोक जास्त अडखळतात तिथे जास्त लिहिलं आहे.

मेटामटेरियल म्हणजे नेमकं काय?

तांब्याची (किंवा दुसऱ्या धातूची) एक छोटी नक्षी घ्यायची आणि तीच ओळीने पुन्हा पुन्हा मांडायची. प्रत्येक नक्षीचा आकार लहरीच्या लांबीच्या साधारण दहाव्या भागाइतका किंवा त्याहून लहान ठेवला, तर लहरीला सुट्या नक्ष्या दिसत नाहीत, सलग पदार्थ असल्यासारखं ती वागते. काचेतून जाणारा प्रकाश जसा एकेका अणूची दखल घेत नाही, तसंच. फरक इतकाच की इथले 'अणू' आपण आखलेले असतात. १० गिगाहर्ट्झला हवेत लहरीची लांबी ३० मिलिमीटर असते, म्हणजे नक्षी ३ मिलिमीटरच्या आसपास. साध्या पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) हे सहज कोरता येतं, आणि हा विषय मायक्रोवेव्हमध्ये आधी फुलण्यामागे हे मोठं कारण आहे.

म्हणजे प्रयोगशाळेत नवं रसायन बनवत नाहीत?

नाही. तांबं आणि बोर्ड. गुणधर्म आकारातून येतात, रसायनातून नव्हे.

'उणे' परमिटिव्हिटी, 'उणे' पर्मिएबिलिटी हे पचत नाही. उणे कसं असेल?

परमिटिव्हिटी म्हणजे पदार्थ विद्युत क्षेत्राला कसं उत्तर देतो त्याचं माप, पर्मिएबिलिटी म्हणजे चुंबकीय क्षेत्राला कसं देतो त्याचं. आता झोका डोळ्यांसमोर आणा. त्याच्या लयीपेक्षा सावकाश ढकललं तर तो हाताबरोबर जातो. लयीपेक्षा घाईने ढकलत राहिलं तर तुमचा हात पुढे असताना तो मागे येत असतो. रेझोनन्स, म्हणजे स्वतःची अशी लय, असलेली कुठलीही गोष्ट आपल्या रेझोनन्सच्या वर असंच उलट उत्तर देते. फट असलेली तांब्याची कडी, म्हणजे स्प्लिट रिंग रेझोनेटर किंवा एसआरआर, हे एक छोटं एल-सी सर्किट आहे: कडी म्हणजे इंडक्टर, फट म्हणजे कपॅसिटर. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र तिच्या रेझोनन्सच्या किंचित वरच्या फ्रिक्वेन्सीने बदलत असेल, तर कडीत फिरणारा करंट त्या क्षेत्राच्या विरोधात क्षेत्र तयार करतो. हा विरोध पुरेसा जोरदार असला की सरासरी पर्मिएबिलिटी उणे निघते. पण फक्त एका अरुंद पट्ट्यात. हा 'अरुंद पट्टा' लक्षात ठेवा, पुढच्या बहुतेक उत्तरांत तोच आडवा येणार आहे.

दोन्ही राशी एकाच वेळी उणे झाल्या तर काय होईल, हे सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ व्हिक्टर व्हेसेलागो यांनी १९६७ साली कागदावर मांडलं. अपवर्तनांक उणे होतो, ऊर्जा पुढे जाते आणि लहरीचे माथे मागे सरकतात. तसा पदार्थ कुणाकडेच नव्हता, त्यामुळे तीसेक वर्षं तो लेख पडून राहिला. मग लंडनच्या जॉन पेंड्री यांनी १९९६ मध्ये बारीक तारांच्या जाळीतून उणे परमिटिव्हिटी आणि १९९९ मध्ये कड्यांतून उणे पर्मिएबिलिटी मिळवण्याचा रस्ता दाखवला. सॅन डिएगोतल्या डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तारा आणि कड्या एकत्र केल्या, आणि २००१ मध्ये अशा रचनेच्या प्रिझममधून मायक्रोवेव्ह किरण 'चुकीच्या' बाजूला वळतो हे मोजून दाखवलं.

जगदीशचंद्र बोस यांचं नाव यात का घेतलं जातं?

त्यांनी खरंच या दिशेचं काम केलं होतं म्हणून. कोलकात्यात मिलिमीटर लहरींवर प्रयोग करताना १८९८ मध्ये त्यांनी तागाच्या पिळलेल्या जुड्या लहरींच्या वाटेत ठेवल्या. ध्रुवीकरणाचं प्रतल, म्हणजे लहरीचं विद्युत क्षेत्र ज्या प्रतलात डोलतं ते, फिरलं. उजवा पीळ एका बाजूला फिरवतो, डावा पीळ दुसऱ्या बाजूला. साखरेचं द्रावण प्रकाशाचं प्रतल फिरवतं, त्याचं मोठ्या आकारातलं प्रतिरूप त्यांनी हाताने वळून बनवलं होतं. रचनेच्या आकारातून पदार्थाचा गुणधर्म घडवायचा, ही कल्पना त्यात स्पष्ट दिसते. मात्र 'मेटामटेरियलचा शोध भारतात लागला' असं म्हणू नका. उणे अपवर्तनांकाशी त्या प्रयोगाचा संबंध नाही, आणि बोस यांच्या कामाला अशा टेकूची गरजही नाही. त्यांच्यानंतरही, १९४० च्या दशकात विन्स्टन कॉक यांनी बेल लॅब्जमध्ये धातूच्या तुकड्यांपासून मायक्रोवेव्हसाठी भिंगं बनवली होती. नाव नवं असलं तरी घराणं जुनं आहे.

अदृश्य करणारा झगा खरा आहे का?

२००६ मध्ये ड्यूक विद्यापीठात एक तांब्याचा दंडगोल मेटामटेरियलच्या कड्यांमागे काही अंशी 'लपवला' गेला. साडेआठ गिगाहर्ट्झच्या आसपास, द्विमितीय मांडणीत, आणि सावली पूर्ण न जाता कमी झाली इतकंच. डोळ्यांना तो दंडगोल ठळक दिसत होता. प्रयोग सुंदर होता, पण वर्तमानपत्रांनी त्याचा जो गाजावाजा केला त्याने या क्षेत्राचं थोडं नुकसानच झालं असं माझं मत आहे. लोक अजून झगा शोधतात, आणि ज्या ठिकाणी ही कल्पना खरोखर कामाला आली, म्हणजे सपाट बोर्डावरच्या ट्रान्समिशन लाइन्स (सिग्नल वाहून नेणाऱ्या पट्ट्या), तिकडे कुणी बघत नाही.

मग सर्किटमध्ये नेमका उपयोग काय?

मला सर्वांत समाधानकारक वाटणारा भाग हाच, म्हणून जरा थांबून सांगतो.

साध्या ट्रान्समिशन लाइनच्या समतुल्य सर्किटमध्ये मालिकेत इंडक्टर आणि आडवा कपॅसिटर असतो. २००२ च्या सुमारास टोरोंटोत जॉर्ज एलेफ्थेरिआडेस आणि लॉस एंजेलिसमध्ये क्रिस्टोफ कालोझ व तात्सुओ इतो यांच्या गटांनी ही जोडी उलटवली: मालिकेत कपॅसिटर, आडवा इंडक्टर. अशा लाइनवर फेज (म्हणजे लहरीचे माथे) उलट्या दिशेने सरकते. प्रत्यक्षात मूळचे इंडक्टर-कपॅसिटर पूर्ण नाहीसे करता येत नाहीत, त्यामुळे खालच्या फ्रिक्वेन्सीला लाइन 'डाव्या हाताची' (उलट्या फेजची) आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला 'उजव्या हाताची' (नेहमीसारखी) वागते. तिला सीआरएलएच (कंपोझिट राइट/लेफ्ट-हँडेड) म्हणतात. मालिकेतला रेझोनन्स आणि आडवा रेझोनन्स एकाच फ्रिक्वेन्सीवर जुळवले तर मधली बंद पट्टी (जिथे सिग्नल जातच नाही अशा फ्रिक्वेन्सींचा पट्टा) नाहीशी होते आणि लाइन एका वागणुकीतून दुसरीत सलग जाते.

याचा फायदा असा. नेहमीचा ब्रँच-लाइन कपलर (सिग्नल दोन वाटांत विभागणारं सर्किट) त्याच्या मूळ फ्रिक्वेन्सीला चालतो, आणि पुन्हा चालतो तो थेट तिप्पट फ्रिक्वेन्सीला. पण तुम्हाला ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ हव्या असतील तर? सीआरएलएच लाइनमध्ये फेजचा वक्र हवा तसा वाकवता येतो, त्यामुळे दोन फ्रिक्वेन्सी आपण ठरवायच्या. याच लाइनने लीकी-वेव्ह अँटेनाही, म्हणजे लाइनवरून जाताजाता ऊर्जा बाहेर सोडणारा अँटेनाही, सुधारला. साधा एकसमान लीकी-वेव्ह अँटेना आपला किरण फक्त पुढच्या बाजूला फिरवतो. सीआरएलएचचा किरण फ्रिक्वेन्सी बदलत गेलं की मागून निघून, बरोबर लंब दिशेतून, पुढे जातो.

दुसरी वाट रेझोनेटरची. बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातल्या फेरान मार्टिन यांच्या गटाने, सेव्हिल आणि पाम्प्लोनाच्या सहकाऱ्यांबरोबर, २००३-०४ मध्ये दोन गोष्टी दाखवल्या. कोप्लेनर लाइनच्या (पट्टी आणि ग्राउंड बोर्डाच्या एकाच बाजूला असलेल्या लाइनच्या) मागच्या बाजूला एसआरआर कोरले की उणे पर्मिएबिलिटीची बंद पट्टी मिळते. आणि कडीची नेमकी उलट प्रतिमा, म्हणजे तांब्याच्या सलग पत्र्यात कडीच्या आकाराची खाच, मायक्रोस्ट्रिपच्या (वर पट्टी, खाली ग्राउंडचा पत्रा अशा लाइनच्या) ग्राउंडमध्ये कोरली की उणे परमिटिव्हिटीची बंद पट्टी मिळते. हाच तो सीएसआरआर (कॉम्प्लिमेंटरी एसआरआर). पडदा आणि त्याची उलट प्रतिमा यांचं नातं सांगणारं, ऑप्टिक्समधलं बाबिने यांचं जुनं तत्त्व इथे कामाला आलं. एकही सुटा घटक न जोडता, फक्त कोरून, छोटे बँड-स्टॉप (पट्टा अडवणारे) आणि बँड-पास (पट्टा जाऊ देणारे) फिल्टर बनू लागले.

एसआरआर कुठे ठेवायचा आणि सीएसआरआर कुठे? माझा काहीच परिणाम दाखवत नाही.

कडीला हवं चुंबकीय क्षेत्र, तेही तिच्या अक्षाच्या दिशेने. म्हणून मायक्रोस्ट्रिपमध्ये ती तांब्याच्या पट्टीच्या शेजारी, अगदी चिकटून ठेवतात. खाचेला हवं विद्युत क्षेत्र, म्हणून ती पट्टीच्या थेट खाली ग्राउंडमध्ये. सीएसआरआर पट्टीपासून बाजूला सरकला असेल किंवा एसआरआर लाइनपासून दोन-तीन मिलिमीटर लांब असेल तर काही दिसणार नाही. आणि सीएसआरआरचा बोर्ड धातूच्या पेटीत तळ टेकवून बसवू नका. खाली धातू आला की खाच संपली.

नुसता सीएसआरआर सिग्नल अडवतो. जाऊ द्यायचा असेल तर वरच्या पट्टीत फटी ठेवाव्या लागतात, म्हणजे मालिकेतला कपॅसिटर मिळतो आणि दोन्ही राशी उणे असलेला, सिग्नल जाऊ देणारा पट्टा तयार होतो.

सेन्सर कसा काम करतो?

रेझोनेटरच्या फटीजवळ विद्युत क्षेत्र दाटलेलं असतं. तिथे काही ठेवलं की कपॅसिटन्स वाढतो आणि रेझोनन्स खाली सरकतो. किती सरकला त्यावरून नमुन्याची परमिटिव्हिटी, आणि आलेखातला रेझोनन्सचा खड्डा किती उथळ व रुंद झाला त्यावरून त्यातला लॉस (ऊर्जेचं नुकसान). नमुन्याला भोक पाडावं लागत नाही, रसायन घालावं लागत नाही.

अडचण क्यू-फॅक्टरची, म्हणजे रेझोनन्स किती टोकदार आहे त्याची. एफआर४ या नेहमीच्या पीसीबी बोर्डाचा लॉस टॅन्जंट (पदार्थ किती ऊर्जा गिळतो त्याचं माप) ०.०२ च्या आसपास असतो. म्हणजे डायइलेक्ट्रिकपुरता क्यू ५० च्या जवळ अडकतो आणि २.४ गिगाहर्ट्झला रेझोनन्सचा खड्डा जवळपास ४८ मेगाहर्ट्झ रुंद होतो. एवढ्या पसरट खड्ड्यात एक मेगाहर्ट्झची हालचाल खात्रीने ओळखणं कठीण. आरओ४००३सी सारख्या बोर्डाचा लॉस टॅन्जंट ०.००२७, आरटी-ड्युरॉइड ५८८० चा ०.०००९. फिल्टरचा सराव एफआर४ वर करा, सेन्सर नको.

पाण्याचा नमुना असेल तर आणखी एक गोष्ट: पाणी स्वतःच मायक्रोवेव्ह शोषतं, ओव्हन त्यावरच चालतो. रेझोनेटरवर थेंब पसरला की खड्डाच पुसला जातो. म्हणून द्रव बारीक नळीतून, फक्त फटीवरून नेतात.

दुधातली भेसळ ओळखता येईल का? माझा प्रोजेक्ट तोच आहे.

दर वर्षी हा विषय कुणीतरी निवडतंच, आणि निवडणं चूकही नाही. पण आधी कागदावर हिशेब करा. दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतंच. एक लिटर दुधात १०० मिलिलिटर पाणी घातलं तर पाण्याचं प्रमाण ८८ टक्क्यांच्या जरा वर जातं. सापेक्ष वाढ दीड टक्क्याहून कमी. आता तापमान बघा: २० अंशांचं पाणी २५ अंशांवर गेलं की २.४५ गिगाहर्ट्झला त्याची परमिटिव्हिटी सुमारे दीडाने उतरते, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. पंखा चालू-बंद करण्यातला फरक भेसळीच्या फरकाएवढा होऊन बसतो. त्यात गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळं, सकाळ-संध्याकाळचं फॅट वेगळं, आणि क्षारांमुळे येणारा लॉस आणखी वेगळा.

म्हणून नुसता 'पाणी वाढवलं, फ्रिक्वेन्सी सरकली' असा आलेख पुरेसा नाही. तो एकाच दुधात, एकाच टेबलावर नेहमीच सुंदर येतो. तापमान नोंदवा, वेगवेगळ्या गोठ्यांतलं दूध घ्या, आणि फ्रिक्वेन्सीबरोबर खड्ड्याची खोलीही वापरा. डेअरीतला लॅक्टोमीटर आणि फॅट तपासणीचं यंत्र जे आजच स्वस्तात सांगतं, त्यापेक्षा तुमचा सेन्सर काय जास्त सांगतो, हा परीक्षकाचा पहिला प्रश्न असायला हवा.

तापमानाचा त्रास टाळता येतो का?

बराचसा. लाइनवर दोन सारखे रेझोनेटर ठेवा. एकावर ओळखीचा नमुना, दुसऱ्यावर तपासायचा. दोन्ही एकसारखे असतील तर एकच खड्डा दिसतो, फरक असेल तर त्याचे दोन होतात. खोली गरम झाली तर दोन्ही मिळून सरकतात, आपण मोजतो फक्त मधलं अंतर. फेरान मार्टिन यांच्या गटाने सममिती मोडण्यावर आधारलेले असे सेन्सर बरेच पुढे नेले आहेत, अगदी फिरण्याचा कोन आणि वेग मोजण्यापर्यंत. मेख एकच: दोन रेझोनेटर जवळ ठेवले की ते एकमेकांशी जोडले जातात आणि छोटा फरक गिळतात. दोन फाट्यांत विभागलेली लाइन वापरून त्यांना लांब ठेवता येतं.

मेटामटेरियलने अँटेना कितीही लहान करता येतो, हे खरं का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. व्हीलर (१९४७) आणि चू (१९४८) यांनी लहान अँटेनाच्या बँडविड्थची मर्यादा दाखवली, ती कुठल्याही नक्षीला लागू आहे. लहान अँटेनाचा आकार निम्मा केला तर मिळू शकणारी जास्तीत जास्त बँडविड्थ ढोबळमानाने आठव्या भागावर येते. शून्य-क्रमाचा रेझोनेटर (ज्यात सगळीकडे फेज एकसारखी असते) वापरला तर रेझोनन्स फ्रिक्वेन्सी लांबीवर अवलंबून राहत नाही, ही गोष्ट खरी आणि उपयोगी आहे. पण अँटेना लहान केला की बँडविड्थ किंवा कार्यक्षमता यांपैकी काहीतरी द्यावंच लागतं. कार्यक्षमता न मोजता फक्त एस-११ चा (अँटेनाकडून परत येणाऱ्या सिग्नलच्या मापाचा) खोल खड्डा दाखवणारे पेपर संशयाने वाचा. लॉसी बोर्डात ऊर्जा उष्णता होऊन गेली तरी एस-११ छानच दिसतो.

अँटेनात खरा लाभ दुसरीकडे मिळतो. डॅन सिव्हनपायपर यांनी १९९९ मध्ये मांडलेला, छत्रीसारख्या तांब्याच्या तुकड्यांचा पृष्ठभाग घ्या. साधा धातूचा पत्रा अँटेनाला चिकटून ठेवला तर परावर्तित लहर मूळ लहरीला मारते. हा पृष्ठभाग ठराविक पट्ट्यात फेज न उलटवता परावर्तन करतो आणि पृष्ठलहरीही अडवतो. त्यामुळे अँटेना धातूला चिकटून बसवता येतो, अंगावर घालायच्या अँटेनाचं शरीराकडे जाणारं उत्सर्जन कमी करता येतं, शेजारच्या दोन अँटेनांमधली गळतीही घटते.

बाजारात काही आहे का?

आहे. २००९ चा एलजी बीएल४० हा फोन मेटामटेरियल अँटेनासाठी ओळखला गेला. उपग्रह संपर्कासाठी हलणारे भाग नसलेला सपाट अँटेना कायमेटा ही अमेरिकन कंपनी विकते. त्यातल्या बारीक घटकांचं ट्यूनिंग लिक्विड क्रिस्टलने होतं. एकोडाइन ही कंपनी मेटामटेरियल अँटेना वापरून छोटी रडार बनवते. इमारतीच्या भिंतीवर लावायचे, सिग्नलला हव्या कोपऱ्यात वळवणारे पृष्ठभाग ६जी च्या चर्चेत आहेत, पण त्यांचं नियंत्रण आणि खर्च यांचा हिशेब अजून बसलेला नाही.

भारतात कोण काम करतं?

आयआयटी कानपूरने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'अनालक्ष्य' नावाची मेटामटेरियल आवरणाची प्रणाली जाहीर केली. रडारची लहर परत पाठवण्याऐवजी ती शोषून घेते. शोषकांची ही वाट २००८ मध्ये लँडी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने रूढ झाली. त्यांनी साडेअकरा गिगाहर्ट्झच्या आसपास ८८ टक्के शोषण मोजलं होतं. महाराष्ट्रात मायक्रोवेव्हचं पायाभूत काम बघायचं तर पवईच्या आयआयटी आवारातली समीर (सोसायटी फॉर अप्लाइड मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग अँड रिसर्च) ही संस्था आहे. तिची मुळं टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आहेत.

सिम्युलेशन आणि मोजमाप जुळत नाही. काय बघू?

आधी फट मोजा. ०.२ मिलिमीटर आखलेली फट तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या ट्रेमधून बाहेर येते तेव्हा ०.३ ची झालेली असते, आणि कपॅसिटन्स तिथेच असल्याने रेझोनन्स वर सरकतो. मग बोर्डाची परमिटिव्हिटी: एफआर४ साठी सॉफ्टवेअरमध्ये ४.४ भरलेलं असतं, प्रत्यक्ष शीट त्यापेक्षा वेगळी निघू शकते. तिसरा संशयित केबल जोडायच्या एसएमए कनेक्टरची सोल्डरिंग. पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले कनेक्टर एक साधी सरळ लाइन बनवून आधी तपासून घ्या. तीच नीट दिसत नसेल तर रेझोनेटरला दोष देऊ नका.

एकाच युनिट सेलवरून (एकाच नक्षीवरून) 'उणे परमिटिव्हिटी मिळाली' असं लिहू का?

जपून. परमिटिव्हिटी-पर्मिएबिलिटी काढायची निकोल्सन-रॉस-वेअर पद्धत कुठल्याही एस-पॅरामीटरमधून (परावर्तन आणि पारगमनाच्या मोजमापांतून) आकडे काढून देते, त्यांना अर्थ असेलच असं नाही. तिच्या सूत्रातल्या लॉगरिदमची शाखा (अनेक शक्य उत्तरांतलं एक) चुकली की सगळंच चुकतं. थर वाढवून तेच उत्तर येतं का ते बघा. फिल्टर बनवला असेल तर 'फिल्टर बनवला' असं लिहिण्यात कमीपणा नाही.

महागड्या सॉफ्टवेअरशिवाय सुरुवात होईल?

होईल. ओपनईएमएस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे, ऑक्टेव्ह किंवा पायथनमधून चालतं. मोजायला नॅनोव्हीएनए हे छोटं मोजयंत्र. ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी आवृत्ती घेतली तर २.४ गिगाहर्ट्झचं काम होतं.

फास्टॅगमध्ये मेटामटेरियल असतं का?

नाही. तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालणारा, चिप आणि वाकवलेल्या तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या अँटेनाचा साधा टॅग आहे. चिप नसलेले टॅग मात्र या संशोधनातून निघाले आहेत. रेझोनेटर एका रांगेत छापायचे. जागेवर रेझोनेटर असेल तर एक, नसेल तर शून्य. पट्टी वाचकावरून सरकवली की आकडे क्रमाने वाचले जातात. प्रवाहक शाईने कागदावरही छापता येतात. वाचायचं अंतर जेमतेम काही मिलिमीटर असल्यामुळे टोलनाक्यावर त्यांचा उपयोग नाही. प्रमाणपत्रं, मतपत्रिका, परीक्षेचे पेपर अशा कागदांच्या खरेपणाची तपासणी हे त्यांचं क्षेत्र.